एक्केचाळीस पूर्णांक दोनचा बगळा

सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती आणि कवळीवाल्यांनी तेवढ्यात तीन बिल्ले नापास केले होते. पहिला नाकाने, दुसरा नखाने आणि तिसरा नुसता पालथा करून.

नाकाने म्हणजे वास घेऊन. पितळ जुनं दिसावं म्हणून काही जण ते अमोनियाच्या वाफेवर धरतात; तो उग्र वास पुढे कितीतरी दिवस मागच्या कड्यांच्या बेचक्यात दडून राहतो. नखाने म्हणजे खाचांमधला काळा मळ टोकरून. वर्षानुवर्षं पॉलिश साचून झालेला मळ दगडासारखा बसलेला असतो. बूटपॉलिश चोपडून आणलेला मळ नखात मेणासारखा निघतो. आणि पालथा अशासाठी, की पुढचं तोंड सगळेच रंगवतात, पाठीकडे कोणी बघत नाही. तिसऱ्या बिल्ल्याच्या पाठीवरच्या दोन्ही कड्या कुठेही न घासलेल्या, कोऱ्या होत्या. ऐंशी वर्षांपूर्वी मोहिमेवर मिरवलेला म्हणून आलेला हा बिल्ला एकदाही कुठल्या टोपीला लागला नव्हता.

कवळीवाल्यांनी तिन्ही बिल्ले तीन पाकिटांत घातले, प्रत्येकावर पेन्सिलीने ‘नक्कल’ लिहिलं आणि चहाचा पहिला घोट घेतला. चेहऱ्यावर समाधान होतं. खरा बिल्ला सापडल्यावर एवढं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर कोणी पाहिलेलं नाही.

वय त्रेसष्ट. गेली अडतीस वर्षं ते दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून कवळ्या आणि धातूच्या चौकटी बनवतात. खोली दहा बाय आठ. डाव्या भिंतीला छोटी भट्टी, उजव्या हाताला घासायची मोटर, समोरच्या फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, प्रत्येकाच्या गळ्यात नंबराची चिठ्ठी. दवाखाना नऊला उघडतो. साडेसहा ते नऊ हे टेबल जबड्यांचं नसतं, बिल्ल्यांचं असतं: जुन्या लष्करी टोप्यांवरचे धातूचे बिल्ले, ज्यांवरून शिपाई कुठल्या तुकडीचा ते ओळखायचे. त्यांच्याकडे स्वतःचे तीनशे चाळीस आहेत. शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत दर महिन्याला भरणाऱ्या संग्राहक मंडळाचे सव्वीस सभासद आहेत, आणि कवळीवाल्यांच्या चिठ्ठीशिवाय त्यांच्यात एकही बिल्ला हात बदलत नाही. चिठ्ठीवर उंची, वजन, धातू, पाठ, आणि खाली एकच शब्द असतो. ‘खरा’ किंवा ‘नक्कल’.

हा स्वभाव धंद्यातून आला की धंदा स्वभावातून, हे त्यांच्या बायकोलाही सांगता येत नाही. लग्नात सासऱ्यांनी घातलेली अंगठी त्यांनी दुसऱ्याच दिवशी भिंगाखाली धरली होती, हे ती चारचौघांत आवर्जून सांगते. “दुधात पाणी सापडलं नाही, तर यांना दुधाचाच संशय येतो,” असं तिचं मत आहे.

त्यांचा एक नियम मंडळात सगळ्यांना पाठ आहे. बिल्ला टेबलावर ठेवायचा आणि तोंड बंद ठेवायचं. कोणाच्या आजोबांचा, कुठल्या लढाईतला, कुठल्या पेटीतून निघाला, काही सांगायचं नाही. गोष्टीने हात हलका होतो आणि भिंग गढूळ होतं, असं ते म्हणतात. “जगात जेवढे शिपाई झाले नसतील, तेवढे आजोबा या टेबलावर येऊन गेलेत.”

सहा पन्नासला दारावर टकटक झाली. बाहेर उभी असलेली बाई चव्वेचाळीस-पंचेचाळीसची, खांद्यावर कातडी पिशवी, पायात चालायचे बूट. कवळीवाल्यांनी आधी तिचे हात पाहिले, मग पिशवी, मग ती. ती कोण ते त्यांना ठाऊक होतं, आणि म्हणूनच परवा तिचा फोन आल्यापासून कुठेतरी पाणी मुरतंय असं त्यांना वाटत होतं.

ती वजन-मापं तपासणाऱ्या खात्यात निरीक्षक आहे. बाजारात तिला काटेवाली म्हणतात, अर्थात तिच्या पाठीमागे. ती गल्लीच्या तोंडाशी दिसली की पुढच्या सात दुकानांतले काटे आपोआप सरळ होतात, असा लौकिक. अकरा वर्षांपूर्वी तिचे वडील याच खोलीत एक बिल्ला घेऊन आले होते आणि ‘नक्कल’ लिहिलेली चिठ्ठी घेऊन गेले होते. आता तोच बिल्ला तिच्या पिशवीत होता.

तिचं म्हणणं तिने फोनवर मोजक्या शब्दांत सांगितलं होतं. जुन्या छावणीत एक छोटं लष्करी संग्रहालय आहे. तिथे पूल बांधणाऱ्या एका जुन्या तुकडीसाठी खोली तयार होत होती. त्या तुकडीत ऐन वेळी स्थानिक नावाड्यांना भरती केलं होतं, आणि तिचे आजोबा त्यांच्यातले एक, असं घरात पहिल्यापासून सांगितलं जायचं. नावाड्यांची नोंदवही पुरात गेली. उरला तो बिल्ला. मंडळाने तो खरा म्हटला, तर आजोबांच्या नावानिशी काचेत लागणार होता. पण मंडळाची चिठ्ठी उलटं सांगत होती. ती चिठ्ठी घरात आल्यापासून चुलत भावंडं तिच्या आजोबांना ‘कोरड्या नदीचे सुभेदार’ म्हणत होती, आणि तिच्या वडिलांनी, वय आता अठ्ठ्याहत्तर, त्या दिवसापासून स्वतःच्या बापाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

कवळीवाल्यांनी हे सगळं ऐकलं होतं आणि मनात एकच प्रश्न केला होता: हिला पाठवलं कोणी?

कारण तो बिल्ला साधा नव्हता. बगळ्याचा होता.

पूल बांधणारी ती तुकडी जेमतेम चौदा महिने टिकली. तिच्या बिल्ल्यावर नावेच्या टोकावर एका पायावर उभा बगळा, खाली लव्हाळ्याची दोन पाती. ज्यांनी हा बिल्ला प्रत्यक्ष पाहिलाय असे लोक मोजकेच. कवळीवाल्यांना त्यांचा बगळा सव्वीस वर्षांपूर्वी मिळाला, खुद्द त्या तुकडीतल्या एका निवृत्त हवालदाराकडून, त्याच्या ट्रंकेतून, त्याच्या हाताने. उंची एक्केचाळीस पूर्णांक दोन मिलिमीटर. ते माप त्यांनी मंडळाच्या माहितीपुस्तिकेत छापलं आणि पुढे तेच माप कायदा झालं. साडेएक्केचाळीसच्या वरचा बगळा खोटा.

आणखी एक खूण होती. ती त्यांनी छापली नाही. नावेच्या पोटावर केसासारखी एक तिरकी रेघ, भिंगाशिवाय न दिसणारी. धातूच्या पत्र्यावर पोलादी साचा ठोकून हे बिल्ले काढतात. साच्याला चीर गेली, तर बिल्ल्यावर रेघ उठून येते. ही मात्र खोल होती. तेव्हा साच्यावरच एखादा बारीक उंचवटा राहून गेला असावा, असं कवळीवाल्यांनी स्वतःला सांगितलं. दोन-चारदा सांगितल्यावर ते त्यांना पटलं. ही खूण त्यांनी जगात एकाच माणसाला दाखवली: चार दुकानं पलीकडच्या घड्याळजींना, कारण तेव्हाचं भिंग त्यांचं होतं. दोघांची मैत्री बावीस वर्षं टिकली.

अकरा वर्षांपूर्वी काटेवालीच्या वडिलांनी ठेवलेला बिल्ला मोजला, तर तो एक्केचाळीस पूर्णांक नऊ भरला. नापास. पण भिंग लावलं, तर नावेच्या पोटावर रेघ होती. नेमकी त्याच जागी, त्याच तिरपेने.

कवळीवाल्यांचा संशय त्या दिवशी असा धावला. धातू ओतला की निवताना आक्रसतो, हे कवळी बनवणाऱ्याला सांगावं लागत नाही; म्हणून साचा मुळातच थोडा मोठा धरायचा असतो. इथे कोणीतरी तो हिशोब केला, पण जरा जास्त केला, आणि बगळा फुगला. म्हणजे करणारा शिकलेला. त्याला गुप्त रेघही माहीत. म्हणजे ती त्याला सांगितलेली. सांगणारा एकच असू शकत होता. त्यांनी चिठ्ठीवर ‘नक्कल’च्या खाली, नेहमीचा रिवाज मोडून, ‘मुद्दाम केलेली’ असंही लिहिलं. त्या संध्याकाळी घड्याळजींच्या दुकानात जाऊन त्यांचं भिंग काउंटरवर ठेवलं आणि परत आले. घड्याळजींनी कारण विचारलं. त्यांनी सांगितलं नाही. चोराला चोरी समजावून सांगायची नसते, असं त्यांचं तेव्हा मत होतं.

आता काटेवालीने टेबलावर मऊ कापड पसरलं आणि बिल्ला ठेवला. शेजारी तिने स्वतःचं मोजमापाचं यंत्र ठेवलं, तपासणीच्या शिक्क्यासकट.

“माझ्या मापावर विश्वास नाही वाटतं?” कवळीवाल्यांनी विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. “माझ्यावर तुमचा आहे का?”

“नाही.”

“मग बरोबर आहे. सुरू करा, काका.”

त्यांनी तिच्या यंत्राने मोजलं, मग आपल्या, आणि मधूनमधून तिला कोणी पाठवलं ते विचारत राहिले. दोन्हीकडे एक्केचाळीस पूर्णांक नऊ. त्यांनी वास घेतला. जुन्या लोखंडी पेटीचा होता. मळ नखाला दाद देईना. पाठीवरची पट्टी, जी टोपीच्या घडीत खोचतात, ती मधोमध वाकून पुन्हा सरळ केलेली. सगळं ठीक होतं आणि त्यामुळेच त्यांना आवडत नव्हतं. एकही खोट नसणं ही त्यांच्या अनुभवाने सगळ्यांत मोठी खोट असते.

ते तिला म्हणाले की बिल्ला मोठा आहे, अकरा वर्षांपूर्वीही मोठा होता, आणि पितळ काही वाढत्या अंगाचं नसतं, की आता मापात बसेल. तिने विचारलं, कशापेक्षा मोठा? त्यांनी खण उघडून आपला बगळा काढला आणि तिच्यापुढे सरकवला. यापेक्षा.

तिने तो हातात घेतला नाही. वाकून पाहिला. मग विचारलं, “हा कोणी तपासला?”

“म्हणजे?”

“आमच्याकडे दुकानदाराचं वजन तपासायला आम्ही आमचं वजन नेतो. आणि आमचं वजन दर वर्षी वरच्या कचेरीत जातं, त्यांच्या वजनाशी ताडून बघायला. तुमचा बगळा वरच्या कचेरीत कधी गेला होता?”

कवळीवाले म्हणाले की त्याची गरज नव्हती. ज्याच्याकडून घेतला तो माणूस स्वतः त्या तुकडीत होता. कागद खरे होते, ट्रंक खरी होती, त्याने आपल्या हाताने काढून दिला.

“म्हणजे गोष्ट,” काटेवाली म्हणाली.

कवळीवाल्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. तीनशे चाळीस बिल्ल्यांपैकी एकाच बिल्ल्याला त्यांनी गोष्टीवर पास केलं होतं, आणि बाकीचे बगळे त्याच्या मापाने मोजले होते.

तरी ते ऐकणारे नव्हते. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. हे ताकाचा पेलाही फुंकतात. ते म्हणाले, बोलण्याने काही ठरत नाही, धातूने ठरेल. तुमच्या बगळ्याचा ठसा घेतो. दवाखान्यात जबड्याचा घेतात त्याच मसाल्यात. त्यात मेण भरून मेणाचा बगळा, त्याभोवती भट्टीची माती, मेण वितळून गेलं की त्या जागी पितळ. एरवी आम्ही मातीत खास द्रव घालतो, म्हणजे साचा फुगतो आणि आक्रसणं भरून निघतं. आज नुसतं पाणी घालतो, साध्या ओताऱ्यासारखं. बघू काय माप येतं ते. संध्याकाळपर्यंत बिल्ला इथे ठेवून जा.

“ठेवून जात नाही,” ती म्हणाली. “मी इथेच बसते.”

“दिवसभर?”

“रजा टाकून आलेय.”

“मी काय बदलणार आहे तो?”

“तुम्ही मला तेरा मिनिटांत चार वेळा विचारलंत, कोणी पाठवलं म्हणून. मी एकदाच म्हणतेय, बसते.”

ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली आणि बसलीच. ठसा घेताना ती टेबलापाशी येऊन उभी राहिली. ठशातून बगळा बाहेर काढला, तसा तिने तो उचलून कापडात गुंडाळला आणि पिशवीत टाकला. पिशवी मांडीवर, हात पिशवीवर. कवळीवाल्यांनी मेण ओतलं. जुन्या नळाची पितळी तोटी कापून धातू तयार ठेवला. हात चालू होते, पण दर पाच मिनिटांनी त्यांची नजर स्टुलाकडे जात होती. त्यांना अजून वाटत होतं की ही बाई त्यांचं काहीतरी न्यायला आली आहे, फक्त काय ते कळत नव्हतं.

नऊला दवाखाना उघडला. डॉक्टरीणबाई, ज्या कवळीवाल्यांच्या मुलीच्या वयाच्या आहेत, कोट अडकवता अडकवता आत डोकावल्या. स्टुलावरची अनोळखी बाई बघून त्यांनी विचारलं, हिचा कुठला दात?

“रुग्ण नाही. पहारा आहे,” कवळीवाले म्हणाले.

“आणि भट्टीत कोणाचा जबडा घातलाय?”

“बगळ्याचा.”

“बगळ्याला दात नसतात, काका.”

“म्हणून तर कवळी करतोय.”

डॉक्टरीणबाईंनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं, दुपारपर्यंत खालच्या जबड्याची चौकट हवी आहे याची आठवण करून दिली आणि दार ओढून घेतलं. पलीकडे ड्रिलचा आवाज सुरू झाला.

भट्टी तापायला तीन तास लागले. तेवढ्यात कवळीवाल्यांनी ती चौकट घासून पूर्ण केली आणि काटेवालीने वाट बघता बघता मंडळाची नोंदवही मागून घेतली. बगळ्याच्या पानावर बारा नोंदी होत्या. नऊ ‘खरा’, कवळीवाल्यांचा स्वतःचा धरून. तीन ‘नक्कल’. ती बोटाने मापं वाचत गेली आणि एका जागी थांबली. तिने वही त्यांच्याकडे वळवली. नऊ खऱ्यांची मापं एक्केचाळीस पूर्णांक एक, दोन, दोन, तीन, एक अशी मागेपुढे होत होती. तिन्ही खोटे बरोबर एक्केचाळीस पूर्णांक नऊ.

तिला बिल्ल्यांतलं काही कळत नाही, असं ती म्हणाली, पण तराजूची वजनं एका साच्यातून निघाली की सारखी निघतात, आणि कोणी घरी ओतली की प्रत्येक थोडं वेगळं भरतं. ती रोज हेच पकडते.

कवळीवाल्यांनी वही हातात घेतली. हे पान त्यांनी स्वतः लिहिलं होतं, स्वतःच्या अक्षरात, आणि इतक्या वर्षांत शंभरदा उघडलं होतं. खोट्यांमधल्या इतर दोघांपुढे त्यांनी शेरा मारला होता: ‘मोठा, रेघ नाही.’

एक वाजता पितळ ओतलं. साचा निवल्यावर पाण्यात धरला, माती फुटली, आणि काळपट बगळा बाहेर आला. पितळ आत गेलं ती नळी कापून, कडा घासून, तो टेबलावर ठेवेपर्यंत पावणेतीन झाले. कवळीवाले मोजायला वाकले, तेव्हा काटेवाली म्हणाली, थांबा. तुम्ही मोजलंत तर मी मानणार नाही, मी मोजलं तर तुम्ही मानणार नाही. तिसरा माणूस हवा. ज्याचा हात बारीक कामाला बसलाय असा.

असा माणूस चार दुकानं पलीकडे होता. दुसरा कोणी आठवतो का, यावर कवळीवाल्यांनी पुरती दोन मिनिटं घालवली. मग ते उठले.

घड्याळजींच्या दुकानाची पायरी ते अकरा वर्षांनी चढले. घड्याळजींनी डोळ्याचं भिंग न काढता मान वर केली.

“काय बंद पडलंय?” त्यांनी गिऱ्हाइकाला विचारतात तसंच विचारलं.

कवळीवाल्यांनी सांगितलं की एक माप घ्यायचं आहे, पाच मिनिटांचं काम आहे. कशाचं ते सांगितलं नाही. घड्याळजी उघडलेल्या घड्याळावर काचेची वाटी झाकून मागोमाग आले. खोलीत आल्यावर त्यांनी ना स्टुलाकडे पाहिलं ना फळीवरच्या जबड्यांकडे. काटेवालीचं यंत्र उचललं, त्यावरचा शिक्का वाचला, नव्या बगळ्याला तीनदा लावलं.

“एक्केचाळीस पूर्णांक दोन,” ते म्हणाले. मग खिशातलं भिंग डोळ्याला लावून त्यांनी तो जरा कलता केला. “आणि तुझी ती रेघ आहे नावेवर.”

मग त्यांनी तीनही बगळे शेजारी शेजारी मागितले: कवळीवाल्यांचा जुना, काटेवालीचा, आणि आत्ताचा. काटेवालीच्या बगळ्यावर रेघेच्या दोन्ही काठांना धातू किंचित वर आला होता, जसा टोकदार वस्तूने ओरखडल्यावर येतो, आणि तो काठ वर्षांच्या पॉलिशने गुळगुळीत झाला होता. बाकी दोघांवर रेघ होती, पण तिचे काठ गोल, तळ भरलेला. ओरखडा एकावर होता. इतरांवर त्याचा ठसा होता.

“म्हणजे हा बाप,” घड्याळजी काटेवालीच्या बगळ्यावर बोट ठेवून म्हणाले, “आणि ही पोरं.”

कवळीवाले म्हणाले, “मला वाटलं होतं, रेघेचं तू कोणाला तरी सांगितलंस.”

“मला नव्हतं माहीत तुला काय वाटलं होतं. तू भिंग ठेवून गेलास.” घड्याळजींनी यंत्र जागेवर ठेवलं. “अकरा वर्षं हिशोब लावत होतो, की त्या भिंगाला तडा कुठे गेलाय.”

चहा मागवू का, असं कवळीवाल्यांनी विचारलं. घड्याळजी म्हणाले, दुकान उघडं टाकून आलोय, आणि गेले.

साडेतीन ते साडेपाच कवळीवाल्यांनी कागद लिहिले. बगळ्याच्या खरेपणाची चिठ्ठी ज्यांना दिली होती त्या आठ जणांना पत्र, की तुमचा बिल्ला ओतीव आहे आणि चूक माझी. ज्या दोघांना खोटा म्हणून परत पाठवलं होतं त्यांना पत्र, की तुमचा खरा आहे. दहा पाकिटं. स्वतःच्या बगळ्याची चिठ्ठी त्यांनी फाडली नाही. ‘खरा’वर एक आडवी रेघ मारली, खाली तारीख घातली. काटेवालीसाठी नवी चिठ्ठी लिहिली आणि वडिलांना ती आपण स्वतः देऊ म्हणाले. तिने हरकत घेतली नाही, मात्र चिठ्ठी आधी वाचून घेतली, दोन्ही बाजूंनी.

तिचं घर तिसऱ्या मजल्यावर. संध्याकाळचे सव्वासहा. वडील खिडकीपाशी खुर्चीत होते. कवळीवाल्यांची नजर आधी त्यांच्या तोंडाकडे गेली. वरची कवळी सैल होती, बोलताना टाळ्याला चिकटत नव्हती. कोणाचं काम असावं, याचा त्यांनी मनात अंदाजही बांधला.

म्हाताऱ्यांनी चिठ्ठी हातात धरून वाचली. शेवटच्या शब्दापर्यंत यायला त्यांना वेळ लागला.

“हे मला माहीत होतं,” ते म्हणाले. “तुम्हाला आज कळलं, एवढंच.”

कवळीवाले म्हणाले की धातूवरून जे कळायचं ते कळलं, पण एक गोष्ट धातू सांगत नाही: एकाच बिल्ल्याची इतकी पोरं झाली कशी, आणि ती खऱ्या शिपायांच्या ट्रंकांमध्ये पोचली कशी. कोणी केलं हे? कशासाठी?

“ते मी तेव्हा सांगत होतो. तुम्ही म्हणालात, गोष्ट नको, बिल्ला ठेवा.”

“आता सांगा.”

म्हाताऱ्यांनी मुलीकडे पाहिलं. तिने खुर्ची ओढून घेतली, कारण तिनेही हे कधी ऐकलं नव्हतं. मग ते सांगू लागले. तुकडी मोडल्यावर वीसएक वर्षांनी तिच्या लोकांचा मेळावा भरला. बहुतेकांचे बिल्ले हरवले होते. पूल बांधणारी माणसं, निम्मे बिल्ले नदीतच गेले. त्यांच्या वडिलांचा तेवढा शाबूत होता. सगळ्यांनी मिळून ठरवलं की तो ओताऱ्याकडे द्यावा आणि ज्यांचे गेले त्यांना त्यावरून ओतून घ्यावेत. फसवाफसवीचा प्रश्नच नव्हता. ज्याने तो टोपीला लावला, तो लावायचा अधिकार असलेलाच माणूस होता.

“पण आमचा बाप संशयी,” म्हातारे म्हणाले. “ओतारी आपला ठेवून घेईल आणि नवा देईल अशी त्याला धास्ती. म्हणून देण्याआधी त्याने खिळ्याने नावेवर बारीक खूण केली. आणि परत आणायला गेला तर काय, चोवीसच्या चोवीस बगळ्यांवर तीच खूण.”

काटेवाली हसली. कवळीवाले हसले नाहीत. ते पुढे झुकले होते.

“मग त्यांनी आपला ओळखला कसा?”

“त्यात काय ओळखायचं? सगळे तळहातावर घेतले आणि सर्वांत मोठा होता तो खिशात टाकला.” म्हाताऱ्यांनी चिठ्ठीची घडी केली. “हेही मी तेव्हा सांगणार होतो.”

कवळीवाल्यांनी माफी मागितली. एका वाक्यात, उभं राहून. मग, राहवलं नाही म्हणून, त्या ओताऱ्याचं नाव, गल्ली किंवा काही कागद उरलाय का, असं विचारलं. म्हाताऱ्यांनी मुलीकडून पेन मागून घेतलं.

“तुम्ही माझ्या बापाशी चांगलं जमवलं असतं,” ते म्हणाले. ओताऱ्याचं नाव त्यांना आठवत नव्हतं. संग्रहालयाच्या अर्जावर त्यांनी वडिलांचं पूर्ण नाव आपल्या हाताने लिहिलं, ‘नावाडी’ हा शब्द कंसात न टाकता, आणि जुनी चिठ्ठी मुलीकडून मागून घेतली. ती फाडली नाही. अर्जाला जोडायला सांगितली, नव्या चिठ्ठीच्या मागे. लोकांना दोन्ही दिसू देत, असं त्यांचं म्हणणं पडलं, आणि कवळीवाल्यांनी त्यावर हो म्हटलं.

उद्या बुधवार. पोस्टात रजिस्टर पत्रांची खिडकी दहाला उघडते. कवळीवाल्यांकडे दहा पाकिटं आहेत, आणि खालच्या जबड्याच्या चौकटीचा रुग्ण सव्वाअकराला येणार आहे.